फिल्टर ट्रॉली: पैसे चाकांचे नव्हे, एलिमेंटचे मोजा

एमआयडीसीतल्या कुठल्याही हायड्रॉलिक सामानाच्या दुकानात आज तेल गाळायची ट्रॉली मिळते. मिनिटाला 20 लिटरचा गिअर पंप, एक एचपीची थ्री फेज मोटर, एकापाठोपाठ एक दोन फिल्टर (प्रत्येकात गाळण्याचा बदलता भाग, म्हणजे एलिमेंट), दोन होज, एक प्रेशर गेज आणि खाली चार चाकं, असा तिचा ढाचा ठरलेला आहे. यंत्राच्या टाकीतून तेल ओढायचं, गाळायचं आणि त्याच टाकीत परत सोडायचं, एवढंच तिचं काम. प्रेस, इंजेक्शन मोल्डिंग, डायकास्टिंग किंवा सीएनसी यंत्रांचे सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने हलणारे) आणि प्रपोर्शनल (विजेच्या इशाऱ्याप्रमाणे कमीजास्त उघडणारे) व्हॉल्व्ह वारंवार अडकत असतील, तर ही खरेदी करावीच असं आमचं ठाम मत आहे. मात्र दोन ट्रॉल्या बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या तरी कामात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि तो फरक जिथे असतो तिथे खरेदी करणारा सहसा बघतच नाही. म्हणून हा आढावा कुठल्या एका कंपनीच्या मालाचा नाही, या वर्गातल्या ट्रॉलीचा आहे: तिच्यात काय असलंच पाहिजे, काय नसलं तर घेऊ नये आणि कुठली अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

आधी व्हॉल्व्ह का अडकतो ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर ट्रॉलीतला कुठला भाग कशासाठी आहे ते कळत नाही. सहा नंबरच्या साध्या दिशा व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे दुकानात ज्याला सेटॉप 3 म्हणतात त्यात, स्पूल (आत सरकणारा दांडा) आणि बॉडी यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते. सर्व्होमध्ये, म्हणजे फार अचूक नियंत्रणाच्या व्हॉल्व्हमध्ये, ती 1 ते 4 मायक्रॉनपर्यंत खाली येते. डोळ्याला सुमारे 40 मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. म्हणजे टाकीतलं तेल काचेच्या ग्लासात धरून ‘अगदी सोन्यासारखं आहे’ म्हणणं निरर्थक आहे. व्हॉल्व्हचं नुकसान करणारा कण त्या ग्लासात असला तरी दिसणार नाही.

मोठे कण फटीत शिरत नाहीत आणि फार बारीक कण आरपार निघून जातात. त्रास देतात ते फटीच्याच मापाचे. स्पूल एका जागी थांबलेला असतो, एका बाजूला 150 बार दाब, दुसऱ्या बाजूला टाकीची लाइन. या फरकामुळे फटीतून तेलाची सूक्ष्म गळती सतत चालू असते, आणि ती गळती प्रत्येक थेंबासोबत बारीक गाळ आत आणून ठासत जाते. क्लॅम्प धरून ठेवणारा व्हॉल्व्ह जितका जास्त वेळ न हलता दाबाखाली राहील, तितका गाळ जास्त बसतो. मग सोलेनॉइडला सप्लाय मिळतो, पण स्पूल हलत नाही किंवा अर्ध्यात थांबतो. कॉइल एसी असेल तर पुढचा प्रकार ठरलेला. एसी सोलेनॉइडचा आर्मेचर, म्हणजे कॉइल आत ओढते तो लोखंडी गाभा, पूर्ण आत बसला की करंट खाली येतो. तो बसलाच नाही तर सुरुवातीचा जादा करंट तसाच वाहत राहतो आणि कॉइल जळते. मेंटेनन्सवाले कॉइल बदलतात, ती पुन्हा जळते, आणि दोष कॉइलच्या कंपनीला लागतो. डीसी कॉइल जळत नाही, पण व्हॉल्व्ह हलतही नाही, म्हणून तिथे दोष पीएलसीवर, म्हणजे यंत्राच्या कंट्रोलरवर जातो. एकाच व्हॉल्व्हची कॉइल दोनदा जळली की तिसरी मागवण्याआधी तेल तपासावं.

पायलट ऑपरेटेड रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (छोट्या पायलट व्हॉल्व्हच्या मदतीने दाबाची मर्यादा धरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) याच गाळाचं रूप वेगळं दिसतं. मुख्य पॉपेटमधलं (सीटवर बसणाऱ्या झाकणीतलं) साधारण मिलिमीटरभराचं भोक चोंदलं की दाब बनतच नाही. पायलटच्या सीटवर एखादा कण अडकला की दाब वरखाली होत राहतो. प्रपोर्शनल व्हॉल्व्हमध्ये स्पूल सतत थरथरत ठेवण्यासाठी ॲम्प्लिफायर कार्डातून डिदर दिलेला असतो, त्यामुळे गाळ ठासून बसायला वेळ लागतो. पण त्याच थरथरीत कठीण कण स्पूलच्या कडा घासत राहतात. कडा गोल झाल्या की मधल्या स्थितीतली गळती वाढते, सिलिंडर जागेवर उभा राहत नाही, सरकतो. हे नुकसान धुऊन परत येत नाही.

तेलाची स्वच्छता आयएसओ 4406 च्या तीन आकड्यांत सांगतात, उदाहरणार्थ 20/18/15. एक मिलिलिटर तेलात 4 मायक्रॉनहून मोठे, 6 मायक्रॉनहून मोठे आणि 14 मायक्रॉनहून मोठे कण किती, याचे हे तीन कोड आहेत. 20 म्हणजे 5 हजार ते 10 हजार कण, 18 म्हणजे 1,300 ते 2,500, आणि 15 म्हणजे 160 ते 320. कोड एकाने वाढला की कण दुप्पट होतात. म्हणून 18 आणि 22 यांत फरक चारचा दिसला तरी कण सोळापट असतात. साध्या सोलेनॉइड आणि बहुतेक प्रपोर्शनल व्हॉल्व्हसाठी 20/18/15 ही वरची मर्यादा धरावी, सर्व्होसाठी 18/16/13 किंवा त्याहून कडक. आपल्याकडे अजून बरेच जण नास 6, नास 7 अशा जुन्या वर्गांत बोलतात. चालतं, फक्त ट्रॉली विकणारा आणि तेल तपासणारा दोघंही एकाच भाषेत बोलताहेत ना, ते बघावं.

आता ट्रॉलीकडे. तिची बरीच किंमत रंगात आणि पत्र्यात जाते आणि कामाचा जवळजवळ सगळा भार आतल्या एलिमेंटवर असतो. म्हणून कोटेशन मागताना पहिला प्रश्न एकच: शेवटच्या टप्प्याच्या एलिमेंटचा बीटा किती आणि कुठल्या मायक्रॉनला? बीटा 1000 याचा अर्थ त्या मापाचे किंवा मोठे हजार कण आत आले तर एक बाहेर गेला, म्हणजे 99.9 टक्के अडवले. बीटा 200 म्हणजे 99.5 टक्के. हा आकडा आयएसओ 16889 च्या मल्टिपास चाचणीतून आलेला असावा. ‘10 मायक्रॉन नॉमिनल’ एवढंच छापलेलं असेल तर तो आकडा विसरा. नॉमिनलला सर्वमान्य व्याख्याच नाही. नॉमिनल 10 चा कागदी एलिमेंट 10 मायक्रॉनचे निम्मेच कण अडवत असला तरी त्याला कोणी खोटं ठरवू शकत नाही. प्रपोर्शनल व्हॉल्व्हसाठी शेवटच्या टप्प्यात ग्लास फायबरचा 3 मायक्रॉन, बीटा 1000 हवा. पहिल्या टप्प्यात 10 मायक्रॉनचा पुरतो. त्याचं काम महागड्या दुसऱ्या एलिमेंटचं आयुष्य वाढवणं एवढंच आहे. पहिल्या टप्प्यात धुता येणारी स्टीलची जाळी देणाऱ्या ट्रॉल्या स्वस्त वाटतात. पण जाळी बारीक गाळ अडवतच नाही, तो सगळा दुसऱ्या एलिमेंटवर येऊन पडतो आणि वाचवलेले पैसे तिसऱ्या महिन्यात निघून जातात.

एलिमेंटचा आकारही बघा. 20 लिटरच्या पंपावर कॅटलॉगमध्ये 20 लिटरलाच बसणारा एलिमेंट लावला, तर तो कोऱ्या अवस्थेतच बराच दाब खातो. निदान तिप्पट प्रवाहाच्या मापाचा घ्यावा. मोठा एलिमेंट गाळही जास्त धरतो, म्हणून खर्च लिटरमागे कमीच पडतो. आणि बदली एलिमेंटची किंमत आणि ते किती दिवसांत मिळेल, हे ट्रॉलीच्याच ऑर्डरवर लिहून घ्या. फक्त एकाच विक्रेत्याकडे मिळणारा आगळा एलिमेंट असलेली ट्रॉली कितीही छान असली तरी वर्षभरात कोपऱ्यात धूळ खात पडते.

पंप 14 सीसीचा आणि मोटर 1440 आरपीएमची असेल तर हिशोबाने 20 लिटर मिनिटाला मिळतात, ठीक. पंपानंतर 5 ते 6 बारला सेट केलेला रिलीफ व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. तो नसताना कोणी रिटर्नचा बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवून बटन दाबलं, तर फिल्टरचा स्पिन-ऑन (आट्यांवर फिरवून बसवायचा) डबा फुगतो किंवा फुटतो. सक्शनला 125 मायक्रॉनची जाळी पुरे, ती फक्त पंप वाचवण्यासाठी आहे. सक्शनची होज एक इंची आणि आत तार असलेली हवी. 20 लिटरच्या प्रवाहाला पाऊण इंचीत वेग सेकंदाला 1.2 मीटरच्या आसपास जातो आणि थंड तेलात पंप ओरडायला लागतो. एक इंचीत तो 0.7 मीटरच्या खाली राहतो.

आता जी गोष्ट स्वस्त ट्रॉलीत हमखास गाळलेली असते ती. ट्रॉली फिरती असते, रोज वेगळ्या सॉकेटला लागते, आणि सगळ्या सॉकेटांचे फेज एकाच क्रमाने असतील याची खात्री नसते. फेज उलटले की मोटर उलटी फिरते, गिअर पंप उलटा ओढतो, आणि तेल रिटर्नच्या होजमधून उलट दिशेने फिल्टरमधून जाऊन सक्शनच्या होजने टाकीत पडतं. म्हणजे महिनाभर पकडलेला सगळा गाळ धुऊन निघून परत यंत्राच्या टाकीत जातो. बाहेरून बघणाऱ्याला ट्रॉली नीट चालू आहे असंच वाटतं, फक्त गेजचा काटा हलत नाही. यावर उपाय दोन: पंपानंतर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि स्टार्टरमध्ये फेज सिक्वेन्स रिले. दोन्हींचा खर्च ट्रॉलीच्या मानाने किरकोळ आहे. दोन्ही नसलेली ट्रॉली आम्ही घेणार नाही.

गेजबद्दल आणखी थोडं. चांगल्या ट्रॉलीत प्रत्येक टप्प्याला वेगळा गेज किंवा चोकचं इंडिकेटर असतं. एकच गेज असेल तर कुठला एलिमेंट भरला ते कळत नाही आणि दोन्ही बदलावे लागतात. बायपास, म्हणजे एलिमेंट चोंदल्यावर तेलाला न गाळता वाट देणारा व्हॉल्व्ह, 3.5 बारला उघडत असेल तर इंडिकेटर 2 ते 2.5 बारला लाल झाला पाहिजे, म्हणजे बायपास उघडायच्या आधी बदलायला वेळ मिळतो. काटा लवकर वर जातोय याची तक्रार सगळे करतात, पण काटा वरच जात नाही हे जास्त वाईट लक्षण आहे. कोरा एलिमेंट, थंड तेल, पंप चालू आणि काटा शून्यावर, याचा अर्थ बायपास उघडा अडकलाय, एलिमेंटची ओ-रिंग राहिलीय, एलिमेंट नीट बसलेला नाही, किंवा मोटर उलटी फिरतेय.

चालवायची पद्धत विक्रेता सहसा सांगत नाही. सक्शन टाकीच्या एका टोकाला तळाजवळ, रिटर्न दुसऱ्या टोकाला, आणि रिटर्नचं तोंड तेलाच्या पातळीखाली बुडालेलं. दोन्ही होज एकाच झाकणातून शेजारी-शेजारी सोडल्या तर ट्रॉली तेच तेच तेल गाळत बसते आणि टाकीचा दुसरा कोपरा तसाच राहतो. रिटर्न वरून पडला तर फेस होतो. पहिल्यांदा लावताना यंत्र बंद हवं, कारण तळाचा साचलेला गाळ ढवळला जातो आणि यंत्राचा पंप चालू असेल तर तोच व्हॉल्व्हकडे रवाना होतो.

किती वेळ? 400 लिटरची टाकी आणि 20 लिटरची ट्रॉली असेल तर 20 मिनिटांत टाकीएवढं तेल एकदा फिल्टरमधून जातं. पण गाळलेलं तेल न गाळलेल्यात मिसळत राहतं, त्यामुळे एका फेरीत सगळं तेल गाळलं जात नाही. सुमारे 37 टक्के तेल एकदाही फिल्टरमधून गेलेलं नसतं. कोड 22 वरून 18 वर आणायचा, म्हणजे कण सोळापट कमी करायचे, तर कागदावर 2.8 फेऱ्या, म्हणजे 55 मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात कोपऱ्यातलं तेल सावकाश मिसळतं आणि तळाचा गाळ हळूहळू सुटत राहतो. म्हणून सात फेऱ्या, म्हणजे या टाकीला 140 मिनिटं, हा हिशोब धरावा. अर्धा तास ट्रॉली लावून ‘तेल फिल्टर केलं’ अशी नोंद करण्यात काही अर्थ नाही.

थंड तेल मात्र गाळू नका. 68 ग्रेडचं तेल 40 अंशांना 68 सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप) असतं, 20 अंशांना ते तिपटीच्या आसपास घट्ट होतं. एलिमेंटवरचा दाब घट्टपणाच्या प्रमाणात वाढतो. डिसेंबरात नाशिककडे सकाळी पारा दहाच्या खाली गेला की कोऱ्या एलिमेंटचं इंडिकेटरही लाल होतं, बायपास उघडतो आणि तेल न गाळता परत जातं. लोक एलिमेंट चोक झाला समजून फेकून देतात. आधी यंत्र तासभर चालवून तेल 40 ते 45 अंशांवर आणावं, मग यंत्र बंद करून ट्रॉली लावावी.

काम झालं की नाही हे नमुना सांगतो, रंग नाही. नमुना यंत्र चालू असताना, तेल गरम असताना, रिटर्न लाइनवर फिल्टरच्या आधी बसवलेल्या मिनिमेस पॉइंटमधून (नमुना काढायच्या छोट्या जोडातून) घ्यावा. आधी निदान पाव लिटर तेल वेगळ्या डब्यात सोडून द्यावं, कारण पॉइंटच्या तोंडाशी बसलेला कचरा आधी येतो. मग व्हॉल्व्ह बंद न करता त्याच वाहत्या धारेखाली स्वच्छ बाटली धरावी. ड्रेन प्लगमधून काढलेला नमुना फक्त तळाचा गाळ दाखवतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पाठवलेला नमुना बाटलीचीच तपासणी ठरतो.

ट्रॉलीचा सर्वांत चांगला उपयोग, आणि बहुतेक ठिकाणी न होणारा, नवीन तेल भरताना आहे. सीलबंद ड्रममधलं तेल स्वच्छ असतं हा समज फार खोल रुजलाय. नवं तेल वंगण म्हणून नवं असतं, कणांच्या हिशोबाने ते बहुतेकदा प्रपोर्शनल व्हॉल्व्हला चालेल इतकं स्वच्छ नसतं. 210 लिटरचा ड्रम ट्रॉलीतून टाकीत सोडायला साडेदहा मिनिटं लागतात. हातपंप आणि नरसाळ्यानेही जवळपास तेवढाच वेळ जातो, आणि नरसाळ्यातून येणारा कचरा वेगळा. ड्रम उघड्यावर उभा ठेवू नये. वरच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं, रात्री ड्रम थंड झाला की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. लोटे किंवा महाडच्या पावसात तर हे ठरलेलंच. ड्रम आडवा ठेवावा, दोन्ही बुचं घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी, म्हणजे दोन्ही आतून तेलाखाली राहतात आणि हवेला वाटच मिळत नाही.

इथपर्यंत ट्रॉलीचं कौतुक. आता जिथे ती कमी पडते ते, आणि इथेच लोकांची निराशा होते.

ट्रॉली घाण काढते, घाण येणं थांबवत नाही. 125 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर रॉड आणि 500 मिलिमीटर स्ट्रोकचा सिलिंडर घ्या. रॉड बाहेर जाताना टाकीतलं तेल 3.2 लिटरने कमी होतं, तेवढी हवा ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या तोंडातून आत येते. मिनिटाला चार सायकल, दोन पाळ्या मिळून 16 तास, म्हणजे दिवसाला 12 हजार लिटर हवा टाकीत जाते. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत ही हवा म्हणजे वाळूची बारीक धूळ. आणि बऱ्याच टाक्यांवर अजून कॅपच्या आत नुसती जाळी असलेलं फिलर-ब्रीदर आहे, काहींवर तर कॅप साखळीला लोंबकळत असते आणि तोंडावर फडकं कोंबलेलं असतं. 3 मायक्रॉनचा ब्रीदर ही ट्रॉलीच्या आधी करायची खरेदी आहे, आणि किनारपट्टीजवळ किंवा जास्त पावसाच्या भागात सिलिका जेलवाला. जेलचा रंग बदलला की ते बदलायचं. टाकीच्या झाकणाचं गॅस्केट, पाइप जिथून आत जातात तिथल्या फटी आणि सिलिंडरच्या रॉडचं वायपर सील ही उरलेली तीन दारं आहेत. फाटक्या वायपर सीलचा सिलिंडर दर सायकलला रॉडला चिकटलेली धूळ आत ओढतो. त्याला ट्रॉली पुरी पडणार नाही.

दुसरं, यंत्राचा पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये ट्रॉली कुठेच नाही. पंपाच्या झिजेचे कण थेट व्हॉल्व्हकडे जातात. प्रपोर्शनल किंवा सर्व्हो व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या आधी प्रेशर लाइनवर बायपास नसलेला फिल्टर हवाच, आणि त्यात 210 बारचा दाबफरक सहन करणारा एलिमेंट. तिथे साधा एलिमेंट घातला आणि तो चोक झाला तर तो चुरगळतो आणि त्याचेच तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात. व्हॉल्व्हखाली बसणारा सँडविच फिल्टर शेवटचा पहारेकरी आहे, पंप फुटला तर मोठे तुकडे अडवायला. बारीक गाळाचं काम त्याच्यावर टाकू नये.

तिसरं, पाणी. तेल दुधाळ दिसायला लागलं म्हणजे पाणी विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं. ग्लास फायबरचा एलिमेंट ते काढत नाही. पाणी शोषणारे एलिमेंट मिळतात, पण एक एलिमेंट साधारण काहीशे मिलिलिटरच पितो. कूलरच्या ट्यूबमधून गळती असेल तर आधी कूलर दुरुस्त करा आणि तेलासाठी व्हॅक्युम डीहायड्रेशन (निर्वातात तेलातलं पाणी काढणं) करणाऱ्याला बोलवा.

चौथं, आणि सर्वांत फसवं, वार्निश. स्पूल बाहेर काढल्यावर राखाडी, बोटाला रवाळ लागणारा थर असेल तर तो गाळ आहे, ट्रॉलीचं गिऱ्हाईक. मधासारखा पिवळा ते तपकिरी, गुळगुळीत, कापडाने न निघणारा, ॲसिटोन लावल्यावर सुटणारा थर असेल तर ते वार्निश. तेल तापून ऑक्सिडाइझ झाल्याने ते बनतं. टाकीचं तापमान 60 अंशांच्या वर राहू लागलं की वेग वाढतो, आणि ढोबळ नियम असा की दर 10 अंशांना ऑक्सिडेशन दुप्पट होतं. वार्निशचे कण एका मायक्रॉनच्याही खालचे असतात, गरम तेलात ते विरघळलेलेच असतात आणि 3 मायक्रॉनच्या एलिमेंटमधून सहज निघून जातात. रविवारी यंत्र बंद राहिलं, तेल थंड झालं की ते विरघळलेलं बाहेर पडून थंड धातूवर, म्हणजे स्पूलवर, चिकटतं. सोमवारी सकाळी पहिल्या तासातच अडकणारे आणि दुपारी आपोआप सुरळीत होणारे व्हॉल्व्ह बहुधा या रोगाचे असतात. अशा तेलाची एमपीसी चाचणी (वार्निशची शक्यता मोजणारी) करावी. 15 च्या खालचा आकडा चांगला, 30 च्या वर गेला की काळजी, 40 च्या वर धोका. यावर इलेक्ट्रोस्टॅटिक क्लीनर किंवा रेझिनचे फिल्टर आहेत आणि ते चालवून देणाऱ्या सेवाही मिळतात. हे काम आमची ट्रॉलीच करते असं कुठला विक्रेता सांगत असेल, तर त्याच्याकडून एमपीसीचे आधीचे आणि नंतरचे अहवाल मागा.

अडकलेला व्हॉल्व्ह उघडायची वेळ आली तर तिथेही नवा कचरा आत जाणार नाही हे बघावं. कॉटन वेस्ट किंवा बनियन वेस्टने स्पूल पुसू नये. त्याचा एक धागा पायलटच्या भोकात बसायला पुरेसा आहे. धागे न सुटणारं कापड, स्वच्छ सॉल्व्हंट आणि गाळलेली कोरडी हवा घ्यावी. स्पूलवर एमरी पेपर मारू नये. फट 3 मायक्रॉनची आहे, एमरीचा एक हात तेवढं सहज काढतो. शिवाय स्पूल ज्या बॉडीचा त्याच बॉडीत गेला पाहिजे. दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडले असतील तर वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवावेत. स्वच्छ, तेल लावलेला स्पूल बॉडीत उभा धरला तर स्वतःच्या वजनाने सावकाश उतरतो. अडखळला तर कुठे तरी ओरखडा आहे. मग तो व्हॉल्व्ह कितीही धुतला तरी पुन्हा अडकणारच.

विकत घ्यावी की भाड्याने, याचं उत्तर तेलाच्या प्रकारांवर अवलंबून आहे. ट्रॉलीच्या होज, पंप आणि फिल्टरच्या डब्यांत मिळून काही लिटर तेल राहतंच. जस्ताचं ॲडिटिव्ह असलेल्या तेलावर चाललेली ट्रॉली तशीच बिनजस्ताच्या तेलाला लावली, तर त्या काही लिटरांनी दोन ॲडिटिव्ह भिडतात आणि कधीकधी चिकट गाळ बनून एलिमेंट अचानक चोक होतो. वॉटर-ग्लायकॉलसाठी तर वेगळीच ट्रॉली हवी, त्यात कागदी एलिमेंट चालतच नाही. एकाच ग्रेडच्या तेलाची पाच-सहा यंत्रं असतील तर स्वतःची ट्रॉली घ्यावी आणि तिच्यावर तेलाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवावं. दोन-तीनच यंत्रं असतील तर वर्षातून दोनदा भाड्याने आणणं परवडतं. मात्र भाड्याची ट्रॉली दारात आली की तीन गोष्टी केल्याशिवाय होज टाकीत जाऊ देऊ नका: आधी कुठल्या तेलावर चालली होती ते विचारा, दोन्ही एलिमेंट तुमच्यासमोर कोरे घालून घ्या, आणि आधी आपलंच चार-पाच लिटर तेल तिच्यातून फिरवून वेगळ्या डब्यात काढून टाका. होजच्या तोंडांना टोप्या आहेत का तेही बघा. टोप्या नसलेल्या होज टेम्पोतून आणि जमिनीवरून फरफटत आलेल्या असतात, आणि रिटर्नची होज फिल्टरच्या पुढे आहे. तिच्या तोंडातली माती कुठल्याच एलिमेंटमधून जात नाही, थेट टाकीत पडते.